पेट्या किती, हे पावसाळ्याला विचारा

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. महाराष्ट्रातल्या पेटीतल्या मधमाशीपालनाचे माहेरघर हेच. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय इथे आहे, आणि जवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. उन्हाळ्यात जांभूळ, गेळा, हिरडा फुलतात तेव्हा सातेरी माश्यांच्या पेट्या मधाने जड होतात. ग्राहकाला दिसतो तो हाच काळ. मधपाळाचा कस मात्र त्यानंतर लागतो. पाऊस थांबत नाही, माशी बाहेर पडत नाही, आणि पडलीच तर फुलातला मकरंद पाण्याने पातळ झालेला आणि पराग धुऊन गेलेला असतो. थंड देशांत माशीचा वैरी हिवाळा असतो; आपल्याकडे घाटमाथ्यावर पावसाळा आणि खालच्या कोरड्या मुलखात मे महिना. एखाद्या गावात किती पेट्या टिकतील हे अशा वाईट महिन्यांतल्या खाण्यावर ठरते. चांगल्या महिन्यात निघालेल्या मधावरून त्याचा अंदाज बांधला की तो हटकून चुकतो. आपल्या योजना, प्रशिक्षणे आणि उत्साह या तिघांच्याही हातून नेमका हा हिशेब सुटतो, असे माझे म्हणणे आहे.

तो सुटण्याचे एक कारण म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे आले ते थंड प्रदेशातून. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने १८५२ साली सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. दोन पोळ्यांमध्ये सहा ते नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, या निरीक्षणावर ती पेटी उभी आहे. त्यामुळे पोळे न मोडता, पिल्ले न मारता मध काढता येऊ लागला. १९१०च्या दशकात फादर न्यूटन यांनी तमिळ प्रदेशात आपल्या लहान चणीच्या माशीला बेतलेली पेटी केली आणि दक्षिणेत ती रुळली. पेटीचे माप बदलले, पण तिच्याबरोबर आलेला एक समज तसाच राहिला: वसाहत एकदा बसवली की ती जागेवर राहते. युरोपातल्या माशीच्या बाबतीत ते खरेच आहे. तिथे चार-पाच महिने सगळीकडे एकदमच फुले संपतात, बाहेरची थंडी जीव घेते. निघून जाण्यात काहीच फायदा नाही. म्हणून ती माशी वीस किलो किंवा त्याहून जास्त मध साठवते, राणीभोवती दाट घोळका करून अंगाच्या उबेवर हिवाळा काढते, आणि त्या काळातल्या कामकरी माश्या महिनोन्‌महिने जगतात. तिथल्या मधपाळाने उरलेला मध काढायचा, हिवाळ्यापुरता ठेवायचा, कमी पडला तर साखरेचा पाक द्यायचा. तिथले व्यवस्थापन याच हिशेबावर चालते.

उष्ण कटिबंधात निसर्गाने माशीला वेगळा धडा दिला. इथे एका ठिकाणी फुले संपतात तेव्हा थोड्या अंतरावर, वेगळ्या उंचीवर, वेगळ्या पावसाच्या पट्ट्यात ती उमललेली असतात. उडायला थंडीची आडकाठी नाही. अशा ठिकाणी जास्त साठवत बसण्यापेक्षा वेळेवर मुक्काम हलवणारी वसाहत टिकते. आग्या माशीचे सारे जीवनच असे आहे. आसाममध्ये आग्या माश्यांच्या जनुकीय तपासणीतून असे दिसले की हंगाम संपल्यावर निघून गेलेल्या वसाहती पुढच्या हंगामात त्याच जागी परत येतात. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. दुसरा पुरावा ब्राझीलचा. तिथे युरोपीय माश्या नेऊन बराच काळ लोटला होता, तरी उष्ण भागात त्या फारशा बहरल्या नाहीत. १९५६ साली शास्त्रज्ञ वॉरविक केर यांनी आफ्रिकेतून माश्या आणल्या, पुढच्याच वर्षी त्यांतल्या काही वसाहती निसटल्या, आणि १९९०पर्यंत त्यांचे वंशज अमेरिकेतल्या टेक्सासला पोहोचले. कमी साठवायचे, वारंवार थवे काढायचे आणि उपासमार दिसली की जागा सोडायची, ही त्यांची रीत त्या हवामानात जिंकली. आपली सातेरी याच पंथातली. पेटीत बसते, अंधाऱ्या जागेत समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पाळता येते. पण निघून जाण्याची वाट तिने कधीच बुजवलेली नाही. तिला हाकलून लावायला कोणी शत्रू लागत नाही. पराग येणे थांबले की राणी अंडी घालणे कमी करते, नंतर बंद करते. शेवटची पिल्ले कोशातून बाहेर पडली, साठलेला मध पोटात भरून झाला, की एका उघडीपीच्या सकाळी सगळा थवा उठतो. मधपाळाला पेटी रिकामी सापडते ती अशी. माशी बेइमान झाली, असे तो म्हणतो. खरे तर तिने लाखो वर्षांचा शहाणपणा वापरलेला असतो.

जी निघून जात नाही तिचे काय होते, हे समजायला थोडे गणित पुरते. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर पडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ती पेटीतच काम करते: पिल्लांना भरवणे, पोळे बांधणे, मकरंद आटवणे, हवा खेळती ठेवणे. त्यानंतर ती फुलांवर जाते आणि थोड्याच आठवड्यांत झिजून मरते. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारळ्याच्या पिवळ्या शेतांवर जी माशी दिसायला हवी, तिचे अंडे ऑगस्टच्या मध्यात, ऐन पावसात पडलेले असले पाहिजे. त्या वेळी राणी थांबली असेल तर फुलोरा येईल तेव्हा पेटीत माश्याच नसतील. उरलेल्या थोड्या माश्यांना सगळी पोळी राखता येत नाहीत. राखण नसलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो, मुंग्या चढतात, ओलाव्याने मध आंबतो. पावसाळ्यात मेलेल्या पेटीचा दोष मग मेणकिड्यावर जातो. पण तो शेवटी आला. त्याच्या आधी भूक येऊन गेली होती.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: साखरेचा पाक द्या. ते चुकीचे नाही आणि महागही नाही. सम वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक आठवड्याला पाव लिटर दिला, तर सोळा आठवड्यांत चार लिटर लागतो; म्हणजे साधारण अडीच किलो साखर. सातेरीची चांगली पेटी वर्षाला पाच-सात किलो मध देते हे पाहिले तर हा खर्च जड नाही. पण पाक देण्यातही हवामान आडवे येते. दमट उबेत पातळ पाक दोन दिवसांत आंबतो, म्हणून एका रात्रीत संपेल एवढाच द्यावा लागतो. दिवसा दिला किंवा पेटीबाहेर सांडला तर आजूबाजूच्या वसाहती लुटायला येतात आणि कमजोर पेटी त्या मारामारीत संपते. म्हणून पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी, दार अरुंद करून. काहींना गूळ अधिक नैसर्गिक वाटतो, पण त्यातली क्षारांची आणि न पचणाऱ्या पदार्थांची भर माशीला हगवण लावते. पांढरी शुद्ध साखर तिला जास्त मानवते. पाक चुलीवर फार उकळणे किंवा त्यात लिंबू पिळणेही टाळावे. उष्णता आणि आम्ल यांमुळे साखरेतून असे संयुग तयार होते की ते जास्त झाले तर माशीला विषारी ठरते. एवढे पथ्य पाळले तर पाकावर वसाहत जिवंत राहते.

जिवंत राहणे आणि वाढणे यांत मात्र फरक आहे, आणि ‘साखर आहे ना’ हा युक्तिवाद तिथेच कोलमडतो. साखर हे उडण्याचे इंधन आहे. पिल्लाचे शरीर घडते ते परागातल्या प्रथिनांतून. तरुण कामकरी माशी पराग खाते, तिच्या डोक्यातल्या ग्रंथींत त्यापासून दुधासारखे खाद्य तयार होते, आणि त्यावर राणी व पिल्ले पोसली जातात. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले की माशीला दहा अमिनो आम्ले बाहेरून मिळावीच लागतात आणि त्यांतले एक जरी अपुरे पडले तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. म्हणून पराग नुसता भरपूर असून भागत नाही, तो नाना फुलांचा असावा लागतो. निलगिरीच्या परागात यांतले एक आम्ल बहुधा कमी पडते. सूर्यफुलाचा परागही पोषणात उणाच. याला पर्याय म्हणून तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ, यीस्ट, दुधाची पावडर आणि साखर यांची कणकेसारखी वडी करून पोळ्यांच्या वर ठेवतात. तिचा उपयोग होतो, पण पावसात तिला बुरशी धरते, मुंग्या लागतात, आणि खऱ्या परागाची बरोबरी ती करू शकत नाही. बाहेर परागच नसताना नुसता पाक वाढवत नेला, तर राणीला भ्रम होतो की हंगाम आला. ती अंडी घालते, आणि त्या पिल्लांना भरवायला माश्या स्वतःच्या शरीरातली प्रथिने खर्च करतात. त्यातून निघणारी पिढी अल्पायुषी आणि रोगाला सहज बळी पडणारी असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

पाकावर दुसरी हरकत ग्राहकाची असते: माशीला साखर खाऊ घातली तर मधात भेसळ झालीच की. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने नामांकित कंपन्यांच्या मधातल्या भेसळीवर बोट ठेवले, तेव्हापासून लोकांचा विश्वास डळमळला आहे. पण उपाशी वसाहतीला जून ते ऑगस्टमध्ये दिलेला पाक माश्या खाऊन संपवतात. विक्रीच्या मधात तो उतरतो तो मधाची कोठी चढवल्यावरही पाक चालू ठेवला तर. फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद करणे आणि मधाची कोठी त्यानंतरच चढवणे, हा सरळ नियम आहे. तो मोडला तर प्रयोगशाळेत पकडताही येतो. ऊस आणि मका सूर्यप्रकाशात साखर बनवतात ती बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या रासायनिक वाटेने, त्यामुळे त्यांच्या साखरेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळी खूण ठेवते. तेव्हा पाक द्यावा की नाही हा वादाचा विषय नव्हे. तो केव्हा थांबवावा हा आहे. आणि जिथे तो थांबवताच येत नाही, वर्षातले सहा-सात महिने द्यावा लागतो, तिथे पेट्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत असे खुशाल समजावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फुले माशीकडे येत नसतील तर पेट्या फुलांकडे न्याव्यात. उत्तरेत मोहरीच्या मागे हजारो पेट्या ट्रकमधून फिरतात, मग आपण एका गावाची क्षमता कशाला मोजत बसायची? स्थलांतर हा उष्ण कटिबंधातला खरा, माशीने स्वतः शोधलेला उपाय आहे, हे वर आलेच. सह्याद्रीत तर त्यासाठी लांब जावेही लागत नाही. महाबळेश्वरहून पूर्वेला वाईपर्यंतच्या सुमारे ३० किलोमीटरमध्ये पाऊस आठवा हिस्सा उरतो. वर ढगफुटीसारखा पाऊस असताना खाली उघडीप असते, आणि खरिपात भोपळा-काकडीचे वेल, तीळ, मका, नंतर कारळे, बांधावरची बोर असे काहीबाही फुलत राहते. पण उत्तरेत फिरतात त्या इटालियन, म्हणजे मेलिफेरा माश्या. त्यांची मोठी, स्थिर वसाहत प्रवास सोसते. सातेरी लहानसहान धक्क्यानेही पेटी सोडते, तिची झेप एक-दीड किलोमीटरची, आणि दहा-वीस पेट्यांच्या मालकाला ट्रक परवडत नाही. शिवाय नेलेल्या जागी कोणती फवारणी केव्हा होईल यावर त्याचा ताबा नसतो. आणि मुख्य मुद्दा असा की स्थलांतराने वाईट महिना नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. वाईच्या बाजूला कोणते खरीप पीक आहे, यावर तिथे नेलेल्या पेट्यांचे भवितव्य ठरणारच.

मग सातेरीचा नादच सोडून सगळीकडे मेलिफेरा का पाळू नये? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या पंजाबात ती यशस्वीपणे रुजली आणि आज देशाच्या मधउत्पादनाचा मोठा भार तीच उचलते. मोहरी, सूर्यफूल, बियाण्याचा कांदा अशा मोठ्या सपाट क्षेत्रांत तिला तोड नाही. पण तिची वसाहत मोठी, म्हणून तिची भूकही मोठी. घाटातल्या टंचाईत तिला कितीतरी जास्त पाक लागतो. व्हॅरोआ नावाचा कोळी मुळात सातेरीच्या कुळातल्या माश्यांवर जगणारा. सातेरी त्याला अंगावरून वेचून काढते आणि तो तिच्या नर पिल्लांपुरताच बहुधा मर्यादित राहतो. विसाव्या शतकात तो मेलिफेरावर गेला, आणि तिला त्याच्याशी लढायची सवयच नव्हती. याचा अर्थ सातेरी निर्धोक आहे असा नाही. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९१-९२मध्ये कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतल्या तिच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. रोग विषाणूचाच, भुकेचा नव्हे. तरी उपाशी आणि विरळ झालेल्या वसाहतीला त्यातून सावरणे अवघड जाते. माशीची जात बदलून चाऱ्याचा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचे आकडे बदलतात.

चांगला हंगाम किती फसवतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण कारवीचे. सह्याद्रीच्या उतारांवर ती साधारण सात वर्षांतून एकदा एकत्र फुलते, आणि पावसाच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्या वर्षी पेट्या ओसंडतात, नवे लोक या धंद्यात उतरतात, वसाहती दुप्पट होतात. पुढच्या वर्षी तेच डोंगर हिरवे आणि माशीच्या दृष्टीने रिकामे असतात. केरळात दरवर्षी याची छोटी आवृत्ती घडते. तिथे रबराच्या कोवळ्या पानांच्या देठांवर ग्रंथी असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांतून भरपूर गोड रस पाझरतो. मध मुबलक निघतो, पण तो रस पानांचा असल्यामुळे त्याच्याबरोबर पराग नसतो, आणि रस आटल्यावर लवकरच पावसाळा उभा राहतो. सिंधुदुर्गातही रबराची लागवड वाढते आहे. त्यामुळे रबर आहे म्हणून पेट्या वाढवा, असे सांगणाऱ्याने जून-जुलैत माशी काय खाईल हे आधी सांगावे. कोकणात त्याचे एक बरे उत्तर परसातच आहे. नारळाला वर्षभर एकामागून एक पोय येत राहते, म्हणून उघडीप मिळाली की थोडाबहुत पराग मिळतो. उत्पन्नाच्या नोंदीत नारळाचा मध क्वचितच दिसेल, पण वाईट महिन्यात वसाहत धरून ठेवणाऱ्या झाडांत त्याचा क्रम फार वरचा आहे.

इथून पुढचा प्रश्न माशीचा राहत नाही, शेतीचा होतो. पश्चिम महाराष्ट्रात ऊस जिथे पसरला तिथे माशीच्या दृष्टीने फुले नसलेला प्रदेश पसरला. उसाचा तुरा वाऱ्यावर परागण करणारा, माशीला त्यात मकरंद नाही. मग त्याच उसाची साखर विकत आणून आपण पेटीत ओततो. खरिपात पूर्वी तीळ, कारळे, वेलवर्गीय भाज्या, बांधावरची झाडे यांची सरमिसळ असे. त्यातले बरेचसे आता सोयाबीनखाली गेले. सोयाबीनचे फूल स्वतःच परागित होते आणि त्याचा बहर थोडक्यात आटोपतो. शेतकऱ्याने माशीसाठी नफ्याचे पीक सोडावे, असे कोणी सांगणार नाही. पण कांद्याचे बियाणे, डाळिंब, काकडीवर्गीय पिके, स्ट्रॉबेरी यांना माशीचा लाभ होतो, आणि ज्याला हा लाभ हवा आहे त्याने बांधावर शेवगा, बोर, करंज आणि शेताच्या कडेला कारळ्याच्या दोन ओळी यांचा खर्च आपल्याच पिकाच्या खर्चात धरला पाहिजे. मधपाळाकडे बहुधा जमीन नसते आणि त्याचा निम्मा चारा वनखात्याच्या जंगलात असतो. तेव्हा झाडे लावा असे त्याला एकट्याला सांगण्यात अर्थ नाही. वणवा रोखणे, जांभूळ-हिरड्याची तोड थांबवणे आणि फवारणी संध्याकाळी करणे या गोष्टी ग्रामसभेच्या आवाक्यातल्या आहेत.

सरकारी योजनांची मोजपट्टी यासाठी बदलावी लागेल. २०२०मध्ये केंद्राने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये मंजूर केले. त्याआधीपासून खादी आयोग पेट्या वाटत आला आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था तर १९६२पासून काम करते. ज्ञान नाही अशी स्थिती नाही. पण वाटलेल्या पेट्यांची संख्या आणि काढलेल्या मधाचे किलो हे दोन्ही आकडे चांगल्या महिन्यातले आहेत. त्यांच्या जोडीला तिसरा आकडा हवा: जूनमध्ये असलेल्या वसाहतींपैकी ऑक्टोबरच्या सुरुवातीला किती उरल्या, आणि त्या उरवायला किती किलो साखर लागली. हा आकडा गावागावाने ठेवला तर कोणत्या गावात आणखी पेट्या द्याव्यात आणि कुठे आधी झाडे लावावीत, हे लाभार्थ्यांची यादी बनण्यापूर्वीच कळेल. साखर लागणारच, तिला लाजण्याचे कारण नाही. पण साखरेची गरज दरवर्षी वाढत असेल, तर त्या गावाने नवी पेटी मागण्याआधी पावसाळ्यात फुलणाऱ्या झाडांची आणि पिकांची यादी करावी. जिथे ती यादी पाच-सहा नावांवर संपते, तिथे अनुदानाचा पहिला हप्ता रोपांवर खर्च व्हावा आणि दुसरा पेट्यांवर.